प्रवासाची पेटी आणि माणसाची पाठ

गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरी हें वैनगंगेच्या खोऱ्यांतील जुनें गांव. कोशाच्या रेशमी कापडामुळें त्याचें नांव दूरवर पोहोंचलेलें आहे. पण आगगाडी कांहीं गांवांत येत नाहीं. ती गांठावयाची तर देसाईगंज म्हणजे वडसा स्टेशनावर जावें लागतें, आणि नागपुरास जावयाचें तर वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड अशी एस. टी.ची वाट धरावी लागते. त्यामुळें येथील वृद्ध जोडपें पुण्यास मुलाकडे निघालें कीं सामानाची उचल-ठेव घराच्या माजघरापासूनच सुरू होते. पलंगाखालून पेटी ओढावयाची, ती भरावयाची, ओसरीवर आणावयाची, रिक्षांत चढवावयाची, स्टेशनावर उतरवावयाची, डब्यांत चढवून बाकाखालीं सरकवावयाची. वाटेंत गाडी बदलावी लागली तर हाच क्रम पुन्हां.

पुण्यास पोहोंचल्यावर पाठींत उसण भरलेली असते आणि दोष प्रवासाला दिला जातो. गाडीचे धक्के, बाकाचा कठीणपणा, रात्रीचें जागरण यांकडे बोट दाखविलें जातें. वस्तुतः पुष्कळदां ती उसण घरींच, गाडी सुटण्याच्या आदल्या रात्रीं, पेटी भरतांना भरलेली असते. ओझें वाहून नेणें आणि ओझें उचलणें यांत फार अंतर आहे, हें हमाल जाणतो; गृहस्थ जाणत नाहीं. स्टेशनावरचा हमाल मणभर ओझें डोक्यावर घेऊन ताठ चालतो, पण तें डोक्यावर चढवितांना दुसऱ्याचा हात मागतो. केरळांत आणि तमिळनाडूंत जुन्या रस्त्यांच्या कडेला दोन उभ्या दगडांवर एक आडवा दगड टाकलेले विसावे अजूनहि दिसतात. वाटसरूनें डोक्यावरचें ओझें त्या आडव्या दगडावर सरकवावें, दम खावा, आणि पुन्हां डोकें खालीं घालून निघावें. ओझें जमिनीवर टेकवून परत उचलण्याचा प्रसंगच येऊं नये, एवढ्यासाठीं कोणी पुण्यवंतांनीं ही सोय केली. नेपाळी भारवाहकहि हातांतली आखूड काठी पाठीवरच्या डोक्याखालीं, म्हणजे बांबूच्या टोपलीखालीं, टेकवून उभ्यानेंच विसावा घेतो.

याचें कारण शाळेंतील तरफेच्या धड्यांत सांपडतें. कण्याच्या खालच्या भागांतील चकती हा टेकू मानला, तर पाठ ताठ करणारे स्नायू त्या टेकूच्या मागें अवघे पांच सेंटिमीटरांच्या आसपास असतात. पुढें मात्र हात लांबवून पेटींतली वस्तु उचलावयाची तर ती टेकूपासून पन्नास सेंटिमीटर दूर असते. एक बाजू दुसरीच्या दसपट. म्हणजे दहा किलोंचें गाठोडें तोलण्यासाठीं त्या स्नायूंनीं शंभर किलोंच्या वजनाएवढा जोर लावावयाचा, आणि वांकलेल्या धडाचें वजन तोलण्याचा जोर त्याहून निराळा. हा सगळा दाब जातो तो कण्याच्या चकतीवर. स्वीडनमधील अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनीं गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत माणसांच्या कण्यांतील चकतींत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. उभें असतांना तो १०० धरला, तर उताणें निजल्यावर २५ च्या आसपास, पुढें वांकल्यावर १५० आणि हातांत वजन घेऊन वांकल्यावर २२० असें त्यांस आढळलें.

अमेरिकेंत कामगारांच्या आरोग्यासंबंधीं संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिनें १९९१ मध्यें ओझें उचलण्याचें एक सूत्र सुधारून मांडलें. त्या सूत्राप्रमाणें सर्व गोष्टी अनुकूल असतील तर निरोगी कामकऱ्यानें उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो. अनुकूल म्हणजे काय, तर वस्तु जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे हात सरळ सोडले असतां मुठी येतात त्या जागीं, आणि शरीरापासून २५ सेंटिमीटरांच्या आंत. तीच वस्तु पन्नास सेंटिमीटर दूर गेली कीं मर्यादा निम्मी होते: साडेअकरा किलो. तीच जमिनीवर ठेवली कीं आणखी उतरून नऊ किलोंच्याहि खालीं. आणि कंबर अर्धवट बाजूला मुरडून उचलावयाची असेल, जसें पेटी एका बाजूला आणि कपड्यांचा ढीग दुसऱ्या बाजूला ठेवून आपण नेहमींच करतों, तर साडेसात किलोंच्या जवळपास. वस्तु तीच, माणूस तोच. केवळ ठेवण्याची जागा बदलल्यानें त्याची शक्ति तिसऱ्या हिश्श्यावर आली.

हे आंकडे कारखान्यांतील धडधाकट माणसांचे आहेत, घरांत पेटी भरणाऱ्या पासष्ट वर्षांच्या आजींचे नव्हेत. ऋतुप्राप्ति थांबल्यानंतर स्त्रियांचीं हाडें झपाट्यानें ठिसूळ होत जातात, आणि अशा वेळीं पडण्याचीहि गरज नसते: पुढें वांकून जड पेटी उचलणें किंवा ओढणें एवढेंच एखादा मणका चेपण्यास पुरेसें होतें. पुष्कळ बायका त्यास साधी उसण समजून शेकत बसतात, आणि उंची दोन बोटें कमी झाल्याचें वर्षांनंतर ध्यानांत येतें. तेव्हां पेटीचें तोंड कोणत्या बाजूस उघडतें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

आतां घरोघरची लोखंडी ट्रंक घ्या. तिचें कौतुक करणारीं माणसें अजूनहि आहेत आणि तें सर्वस्वीं अकारण नाहीं. उंदीर, वाळवी आणि पावसाळी ओल यांपासून कोशाची साडी राखावयाची तर जंगलपट्टींतील घरांत तिच्यासारखी रखवालदार दुसरी नाहीं. परंतु रखवालीची पेटी आणि प्रवासाची पेटी या दोन निराळ्या वस्तू होत. ट्रंक जमिनीवर बसते, खोल असते, वरून उघडते, आणि नेमकी हवी असलेली साडी डांबरगोळ्यांसह तळाशीं असते. म्हणजे कण्याला जें जें प्रतिकूल तें सर्व तिच्यांत एकवटलें आहे. शिवाय मोठी ट्रंक रिकामीच दहा किलोंच्या आसपास भरते.

वळकटी किंवा होल्डॉल या दृष्टीनें विचार करण्याजोगी वस्तु होती. ती बांधणें म्हणजे एक युद्धच; एकानें गुडघा रोवावयाचा, दुसऱ्यानें पट्टा ओढावयाचा, आणि शेवटीं कोणाचा तरी पंचा बाहेर राहावयाचा. पण सोडणें किती सोपें! बाकावर ठेवून पट्टा सोडला, ढकलली, कीं अंथरूण तयार. कांहीं काढावयाचें नाहीं, कांहीं शोधावयाचें नाहीं. बांधण्याचे कष्ट आणि सोडण्याचे कष्ट हे दोन वेगवेगळे असतात आणि एकाच वस्तूंत एक फार व दुसरा शून्य असूं शकतो, हें तिनें दाखविलें.

युरोपांत लुई व्हिताँ या पेटीकारानें १८५८ मध्यें सपाट झाकणाची हलकी ट्रंक काढली. तोंपर्यंत पावसाचें पाणी ओघळून जावें म्हणून झांकणें कमानदार असत आणि त्यामुळें पेटीवर पेटी रचतां येत नसे. पुढें त्याच शतकाच्या उत्तरार्धांत आगबोटीच्या प्रवाशांसाठीं उभी ट्रंक निघाली. ती पुस्तकासारखी उभ्यानें उघडते. एका अंगांत कपडे टांगण्याची दांडी, दुसऱ्या अंगांत खण. कपाटच तें. प्रवाशानें बोटीवर ती उघडावी आणि महिनाभर तींतूनच कपडे वापरावे. सामान लावणें-काढणें हा प्रकारच उरला नाहीं. पाठीच्या दृष्टीनें पाहतां आजवर झालेल्या पेट्यांत हीच सर्वांत शहाणी. तिच्यांत दोष एकच, आणि तो मोठा: ती उचलण्यास स्वतंत्र माणसें लागत. माणसें स्वस्त होतीं तोंवर ती टिकली; विमानें आलीं, हमाल गेले, आणि ती पदार्थसंग्रहालयांत जाऊन बसली.

त्यानंतर सर्व कल्पकता वाहण्याच्या प्रश्नाकडे वळली. अमेरिकेंतील सामानाच्या एका कारखान्यांत अधिकारी असलेले बर्नार्ड सॅडो हे १९७० मध्यें परदेशच्या प्रवासाहून परततांना दोन जड बॅगा ओढीत होते. तेथें एक कामगार चाकांच्या फळीवरून मोठें यंत्र सहज ढकलीत नेतांना त्यांनीं पाहिला. त्यांनीं पेटीला चार चाकें आणि एक पट्टा लावला. पेटंट १९७२ मध्यें मिळालें. दुकानदार प्रथम घेईनात. पुरुष म्हणविणारा माणूस ओझें उचलील, ओढणार नाहीं, अशी त्यांची समजूत! १९८७ मध्यें रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानें पेटी उभी करून तिला दोन चाकें आणि लांब होणारी मूठ बसविली. आजची बॅग ती हीच. येथें काठेवाडांतील जुना लांकडी पटारा आठवल्यावांचून राहत नाहीं. मुलीच्या आहेराच्या त्या पितळी पत्र्यांच्या पेटाऱ्याला खालीं लांकडी चाकें असत, आणि कित्येकांना समोरच्या अंगाला लहानसें दारहि असे. चाक आणि समोरचें दार, दोन्ही गोष्टी एकाच वस्तूंत आपल्या शेजाऱ्यांच्या घरीं होत्या. पण ती वस्तु घराबाहेर पडली नाहीं.

महाराष्ट्रांत नाशिकला व्हीआयपीच्या टणक सूटकेसा तयार होऊं लागल्या आणि १९८० च्या दशकांत लग्नाच्या आहेरांत त्यांनीं ट्रंकेची जागा घेतली. पुढें त्यांनाहि चाकें आलीं. चाकांनीं उपकार केले हें खरें. परंतु एक नवा उपद्रवहि त्यांनींच आणला. चाकांची बॅग आडवी पाडून शिंपल्यासारखी दोन समान भागांत उघडावी लागते. म्हणजे जागा दुप्पट लागते; पलंगावर दोन्ही भाग मावत नाहींत; म्हणून ती जमिनीवर येते आणि आजी तिच्यासमोर ओणव्या होतात. पुढचा अर्धा भाग जवळ, मागचा अर्धा हातभर दूर. सूत्रांत ज्यानें मर्यादा निम्मी होते तें नेमकें हेंच अंतर. ओझें वाहण्याचा त्रास वांचविला आणि भरण्याचा वाढविला, असा हा व्यवहार आहे.

अलीकडे कांहीं कारखानदारांचें लक्ष याकडे गेलें आहे. कांहीं बॅगांचें तोंड समोरून किंवा वरून उघडतें, त्यामुळें बॅग उभी असतांनाच हात आंत जातो. कांहींच्या आंत कापडी खणांची शिडी दुमडून बसविलेली असते. मुक्कामीं पोहोंचल्यावर ती आंकड्यानें खुंटीला किंवा कपाटाच्या दांडीला टांगली कीं कपडे एकदम छातीच्या उंचीवर येतात. उभ्या ट्रंकेचाच हा वंशज, पण किलोभर वजनाचा. कपड्यांच्या चौकोनी पिशव्या हा त्याहून स्वस्त उपाय. एकेक पिशवी दोन किलोंची, टेबलावर भरावी, आणि बॅग शेवटच्या जागीं नेल्यावर त्या आंत ठेवाव्या. रिकामी बॅगच हलवावयाची, भरलेली नव्हे. विमान कंपन्याहि एका नगाला बहुधा २३ किलो आणि कोणत्याहि परिस्थितींत ३२ किलोंची मर्यादा घालतात. ती प्रवाशाच्या नव्हे, तर बॅगा फेंकणाऱ्या कामगाराच्या पाठीच्या काळजीनें. प्रवाशानें स्वतःसाठीं तेवढी काळजी घेण्यास हरकत नसावी. एका वीस किलोंच्या बॅगेपेक्षां दहा-दहा किलोंच्या दोन बऱ्या.

रोज सामान सोडण्या-बांधण्याचा अनुभव कोणास असेल तर वडशाच्या नाटकमंडळ्यांस. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टींत आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं रात्रभर नाटकें चालतात, आणि कपडेपट रोज निघतो, रोज भरला जातो. राजाचा अंगरखा पेटीच्या तळाशीं शोधीत बसल्यास प्रवेश चुकेल. म्हणून जें प्रथम लागणार तें शेवटीं भरावें, हा नियम तेथें कोणास शिकवावा लागत नाहीं. गृहस्थ मात्र जें प्रथम सुचतें तें प्रथम भरतो. मग औषधाची डबी आणि टॉवेल तळाशीं जातात आणि गाडींत, हलत्या डब्यांत, वांकून अवघी पेटी उपसावी लागते.

नवी बॅग न घेतांहि बरेंचसें काम होतें. हॉटेलांत बॅग ठेवण्यासाठीं घडीचा घोडा असतो, तो घरींहि असावा. फुलीसारखे दोन सागवानी पाय आणि वर नवारीच्या तीन पट्ट्या, एवढेंच त्याचें स्वरूप. आरमोरीचा कोणताहि सुतार तो एका दिवसांत करून देईल. हॉटेलांतला घोडा ठेंगणा असतो, त्याचें माप घेऊं नये. उघडलेल्या बॅगेचा कांठ कमरेच्या किंचित् खालीं यावा अशी उंची सांगावी. बॅगेची खोली पंचवीस सेंटिमीटर धरल्यास नवार जमिनीपासून पन्नास सेंटिमीटरांवर आली पाहिजे. शिंपल्यासारखी उघडणारी बॅग असेल तर दुसरें अंग टेंकण्यास घोड्याची मागची बाजू भिंतीशीं लावावी, म्हणजे तें उभेंच राहतें. घडी करून घोडा दाराआड ठेवतां येतो. नवार मात्र वर्षा-दोन वर्षांनीं सैल पडते, ती पुन्हां ताणून घ्यावी लागते.