दुबळ्या काडतुसाची करामत

१९०७ सालचा डिसेंबर. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात अ‍ॅड टॉपरवाइन नावाचा एक गडी रायफल घेऊन मैदानात उभा राहिला. मदतनीसांनी सव्वादोन इंची लाकडी ठोकळे हवेत भिरकवायचे आणि ह्याने ते खाली पडायच्या आत टिपायचे, असा तो उद्योग. तो दहा दिवस चालला. ठोकळे झाले ७२,५००, त्यातले हुकले नऊ.

हा विक्रम मोडायला १९५९ साल उजाडावं लागलं. रेमिंग्टन कंपनीच्या टॉम फ्रायने १,००,०१० ठोकळ्यांवर नेम धरला आणि फक्त सहा सोडले. एक लाख दहा ठोकळे! पण मला फ्रायपेक्षा त्याच्या हातातल्या बंदुकीचं जास्त कौतुक वाटतं. ‘नायलॉन ६६’ असं तिचं नाव, आणि नावाप्रमाणेच तिचा दस्ता आणि धडाचा बराचसा भाग नायलॉनचा होता. टूथब्रशचे केस आणि बायकांचे पायमोजे नायलॉनचे करणारी ड्यूपाँट कंपनी त्या काळात रेमिंग्टनची मालक होती, तेव्हा हा माल घरचाच. बाजारात बंदुकीची किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. जुन्या मंडळींनी ‘प्लॅस्टिकची बंदूक’ म्हणून नाकं मुरडली होती. त्यांना उत्तर म्हणून तर फ्रायला मैदानात उतरवलं होतं.

टॉपरवाइन आणि फ्राय यांच्यामध्ये पन्नासहून अधिक वर्षं गेली. पण दोघांच्या बंदुकीत होतं ते एकाच कुळातलं, ‘पॉइंट टू टू’ मापाचं, इंचभर लांबीचं काडतूस. मोकळ्या माळावर डबे-बाटल्या मांडून हौसेखातर नेमबाजी करण्याची जी अमेरिकी आवड आहे, ती जवळजवळ सगळी या एवढ्याशा काडतुसावर उभी आहे. ते स्वस्त का आणि गमतीचं का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मात्र एकच निघतं: ते दुबळं आहे म्हणून.

एक काडतूस चिमटीत धरून नीट बघू या. पितळेची पातळ पुंगळी आणि तिच्या तोंडात बसवलेली करड्या शिशाची गोळी, जेमतेम २.६ ग्रॅम वजनाची. गोळीची जाडी पुंगळीएवढीच असते. फक्त तिची शेपूट किंचित निमुळती करून आत खोचलेली असते. बाकीच्या काडतुसांनी ही जुनी रीत केव्हाच सोडून दिली, त्यांच्यात गोळी पुंगळीच्या आत बसते. हे मात्र १८८७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन्स कंपनीने ‘लाँग रायफल’ म्हणून आणलं, तेव्हापासून त्याच अंगरख्यात आहे. आत काळ्या दारूऐवजी धूर न करणारी दारू आली, एवढाच काय तो बदल.

आता पुंगळी उलटी करून तिचं बूड बघा. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक गोल टिकली असते. बंदुकीतली पिन त्या टिकलीवर आदळली की ठिणगी पडते. इथे टिकलीच नाही. पितळेचा पत्रा बुडाशी दुमडून स्टीलच्या वाटीला असतो तसा पोकळ काठ केला आहे, आणि सगळी गंमत त्या काठाच्या पोटात आहे. कारखान्यात पुंगळीत ओल्या स्फोटक मसाल्याचा थेंब टाकतात आणि ती गरगर फिरवतात. मसाला बाहेर फेकला जातो आणि काठाच्या खाचेत जाऊन बसतो. मग तो वाळवायचा, वर दारू भरायची, गोळी बसवायची. चाप ओढला की पिन काठाच्या एका बाजूला चेचते, मसाला पेट घेतो, दारू भडकते आणि गोळी सुटते. निराळी टिकली घडवा, ती बसवा, हे काम वाचलं. म्हणून ते स्वस्त.

ही कल्पना मूळची पॅरिसची. लुई-निकोला फ्लोबेर नावाच्या कारागिराने १८४५ साली, ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्याच तोंडावर छोटी गोळी बसवली. दारूचा पत्ताच नाही, टोपीतल्या मसाल्याच्या जोरावर गोळी जायची. ही बंदूक युद्धाच्या नव्हे, दिवाणखान्याच्या कामाची होती. जेवणं आटोपल्यावर पाहुण्यांनी भिंतीशी लावलेल्या निशाण्यावर नेम धरायचा! या कुळाचा पहिला पूर्वज जन्मला तोच मुळी करमणुकीसाठी. पुढे १८५७ साली स्मिथ अँड वेसन या अमेरिकी जोडीने त्याला लांबवून, आत थोडी दारू घालून आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरला जोडलं आणि गाडी समुद्रापार गेली.

काठ चेचला गेला पाहिजे म्हणजे पितळ मऊ आणि पातळ हवं. पितळ पातळ म्हणजे आतला दाब बेतानेच ठेवायला हवा. मोठ्या रायफलीच्या काडतुसात दर चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांचा दाब तयार होतो. इथे मर्यादा चोवीस हजारांची. हा झाला दुबळेपणा. त्याचे फायदे एकेक करून बघण्यासारखे आहेत.

मोठ्या रायफलीत गोळी उडताना मागचा बोल्ट पोलादी खुंट्यांनी जखडून ठेवावा लागतो, नाहीतर तो मारणाऱ्याच्याच तोंडावर यायचा. मग त्या खुंट्या, त्या उघडायची यंत्रणा, ती चालवायला वायूची नळी, हे सगळं आलं. पॉइंट टू टूच्या स्वयंचलित बंदुकीत असलं काहीच नसतं. मागे पोलादाचा एक ठोकळा, त्याच्या पाठीशी एक स्प्रिंग. दारू पेटली की गोळी पुढे आणि ठोकळा मागे ढकलला जातो. पण ठोकळा गोळीपेक्षा कितीतरी पटींनी जड, म्हणून तो जागचा नीट हलेपर्यंत गोळी नळीबाहेर पडलेली असते. मग तो निवांत मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर भिरकावतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे जाताना नवं काडतूस घेऊन जातो. न्यूटनने सांगितलेलं जडत्वच इथे कुलपाचं काम करतं, आणि जडत्वाला दमडीही पडत नाही.

हे ज्याने पुरतं ओळखलं तो बिल रुगर. १९४९ साली अलेक्झांडर स्टर्म या मित्राच्या पन्नास हजार डॉलरांवर त्याने कनेक्टिकटमध्ये कारखाना काढला आणि एक पिस्तूल बाजारात आणलं. किंमत साडेसदतीस डॉलर. त्या वेळच्या नावाजलेल्या पिस्तुलांची मूठ पोलादाचा ठोकळा कोरून काढत. रुगरने पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून काढले आणि जोडकाम करून चिकटवले. वरच्या बाजूला साधी नळकांडी, ठोकळा तिच्या आत मागेपुढे सरकणारा. वाचून स्वस्तातलं काम वाटतं. पण यात एक खुबी आहे: पिस्तूल चालताना नळी जागची हलत नाही, आणि पुढची माशी व मागची खाच दोन्ही त्याच न हलणाऱ्या भागावर बसलेल्या. त्यामुळे नेम पक्का. काटकसर करता करता अचूकपणा आपोआप पदरात पडला. त्याच कंपनीने १९६४ साली आणलेली ‘१०/२२’ ही रायफल तर आज अमेरिकेत घरोघरी सापडते. तिचे शौकीन मात्र विचित्र. स्वस्त म्हणून बंदूक घ्यायची आणि मग नळी बदल, चाप बदल, दस्ता बदल करत तिच्या तिप्पट पैसे तिच्यावर घालवायचे!

मारणाऱ्याच्या खांद्याला या दुबळेपणाचा फायदा सर्वांत आधी कळतो. गणित मांडून बघितलं तर सव्वादोन किलोच्या या रायफलीचा खांद्यावरचा धक्का पाव ज्यूलच्या आसपास येतो. शिकारीच्या मोठ्या रायफलीचा वीस ज्यूल किंवा त्याहूनही जास्त असतो. नवख्या माणसाचा नेम चुकतो तो बहुतेकदा हात थरथरतो म्हणून नव्हे, तर धक्का बसणार या धास्तीने तो आधीच डोळे मिटून अंग चोरतो म्हणून. इथे ती धास्तीच नाही. म्हणून आजोबा नातवंडांना पहिला धडा याच बंदुकीवर देतात. बाकी खर्चाचं म्हणाल तर एका बाराला साधारण सात ते दहा सेंट; नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी त्याच्या दुपटी-तिपटीने महाग. पाचशेच्या खोक्याला तिकडे ‘वीट’ म्हणतात. २०१३ मध्ये बंदुकांवर निर्बंध येणार या भीतीने लोकांनी अशा विटा इतक्या उचलल्या, की कित्येक महिने दुकानांतल्या फळ्यांवरची ती जागा रिकामीच होती.

गोळीच्या वेगाची गोष्ट त्याहून न्यारी. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. झपाट्याने जाणारी गोळी वाटेत हवेच्या विरोधाने मंदावत ही रेषा ओलांडते तेव्हा डगमगते, आणि लांबवरचा नेम बिघडतो. म्हणून स्पर्धेची पॉइंट टू टू काडतुसं मुद्दाम ३३० मीटरच्या आसपास ठेवतात. ती रेषेच्या खालीच निघतात, त्यामुळे ओलांडायचा प्रश्नच येत नाही. जगातले उत्तमोत्तम नेमबाज निवडून हळू गोळी वापरतात ते यासाठी. नळीतल्या पिळामुळे ही हळू गोळीसुद्धा मिनिटाला सुमारे ४८ हजार गिरक्या घेत असते, आणि पन्नास मीटरपर्यंत पोचेतो जवळजवळ अर्धी वीत खाली आलेली असते.

आणि डबा? खरी मजा त्यातच. कागदाच्या निशाण्याला भोक पडलं तर ते दुर्बिणीतून शोधावं लागतं. पत्र्याचा डबा लगेच टिणकन् वाजतो, उडी मारतो, कलंडतो. बार केला आणि अर्ध्या सेकंदात निकाल हातात. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीपाशी गर्दी का हटत नाही, त्याचंही कारण हेच. टॉपरवाइनची बायको एलिझाबेथ स्वतः नावाजलेली नेमबाज होती. डब्याच्या या आवाजावरूनच तिचं ‘प्लिंकी’ हे लाडकं नाव पडलं असं सांगतात. या हौसेचं लोण किती खालपर्यंत पोचलं होतं याची एक गंमत सांगतो. मिशिगनमधल्या प्लिमथ गावात पवनचक्क्या करणारा एक कारखाना होता. धंदा मंदावला म्हणून १८८०च्या दशकाअखेरीस पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला ते हवेच्या दाबावर चालणारी एक छोटी छर्र्याची बंदूक भेट देऊ लागले. शेतकऱ्यांची पोरं बंदुकीवर इतकी लुब्ध झाली, की पवनचक्क्या बाजूला पडल्या आणि १८९५ मध्ये कंपनीने बंदुकीचंच नाव घेतलं: डेझी.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू न सांगणं लबाडीचं होईल. दुबळं म्हणजे निरुपद्रवी नव्हे. १९६८ साली रॉबर्ट केनेडींचा जीव गेला तो पॉइंट टू टू रिव्हॉल्व्हरने, आणि १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या छातीत शिरली तीही याच मापाची गोळी. दोन्ही हत्यारं किरकोळ किमतीची होती. खोक्यावर ही गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो, तो शोभेसाठी नाही. गोल नाकाची शिशाची गोळी दगडावरून, अगदी पाण्यावरूनही उसळून भलतीकडे जाते. म्हणून डब्यांच्या मागे मातीचा भक्कम बांध लागतोच. आणि तिकडच्या सरकारी मोकळ्या जमिनींवर जुने टीव्ही, फ्रिज नेऊन त्यांची चाळण करायची आणि तो उकिरडा तिथेच टाकून यायचं, ही जी काही हौशी मंडळींची रीत आहे तिला माझ्याकडे शब्द नाहीत. निदान छापण्याजोगे नाहीत.

आता कोल्हापूर. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद पटकावलं होतं. दोघांनीही वापरलं ते पॉइंट टू टूच, तेच काठ चेचून पेटणारं, १८८७ च्या मापाचं. निशाण्यावरचं दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटर. डबे उडवणाऱ्यांशी फरक आहे तो काडतुसाच्या निवडीत. वरच्या पातळीचे नेमबाज आपली नळी घेऊन काडतुसांच्या कारखान्यात जातात आणि वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसं त्यातून झाडून बघतात. जो घाणा आपल्या नळीला मानवेल तेवढाच विकत घेतात. स्वस्तातल्या काडतुसाचे लाडही असे होतात.

आपल्याकडे डबे मांडून बार काढण्याची सोय नाही, आणि ते ठीकच आहे. पॉइंट टू टू रायफलीला शस्त्र परवाना लागतो, आणि तो सहजी मिळत नाही. ठरावीक शक्तीच्या आतली ४.५ मिलिमीटरची एअर रायफल मात्र परवान्याशिवाय घेता येते, आणि आपले बहुतेक नेमबाज सुरुवात तिच्यावरच करतात. उत्सुकता वाटली तर बंदूक घ्यायला धावू नका, आधी जवळच्या रेंजवर जा. पुण्यात बालेवाडीला आहे, कोल्हापुरात आणि मुंबईत आहे. तिथले प्रशिक्षक पहिल्यांदा नळीचं तोंड कुठे ठेवायचं ते शिकवतील आणि नेमाचं नंतर बघतील. कंटाळा आला तरी तो पहिला तास बुडवू नका.