मुले हरवतात तेव्हा

दीपा अनप्पारा यांची ‘जिन पेट्रोल ऑन द पर्पल लाइन’ ही इंग्रजी कादंबरी २०२० साली प्रसिद्ध झाली. आम्ही ती जळगावला घरात मिळून वाचली. ज्यांना इंग्रजी जड जात होते त्यांना मुलींनी पानापानाला मराठीतून समजावून सांगितले, त्यामुळे वाचन लांबले. पण अशी पुस्तके घाईने वाचायची नसतातच.

गोष्ट सांगतो नऊ वर्षांचा जय. मेट्रोच्या टोकाला त्याची झोपडवस्ती आहे, पलीकडे उंच इमारती. वस्तीतली मुले एकेक करून नाहीशी होऊ लागतात. पहिल्या मुलाची, बहादूरची आई पोलिसांपुढे हात जोडते, तर तिच्या गळ्यातली सोन्याची साखळी जाते आणि वर वस्ती पाडण्याची धमकी मिळते. मग टीव्हीवरच्या पोलिसी मालिका पाहून तयार झालेला जय, हुशार परी आणि जिन्नांवर विश्वास ठेवणारा फैज स्वतःच तपासाला निघतात. मुले विकणाऱ्या टोळ्यांच्या गोष्टी त्यांच्या कानावर येतात. वाचताना आधी हसू येते, पुढे पुढे ते येईनासे होते.

फैजच्या प्रकरणांपाशी आम्ही थांबलो. वस्तीत मुसलमान थोडे, त्यामुळे संशय आधी त्यांच्यावर. फैजच्या थोरल्या भावाला पोलीस उचलून नेतात. त्याच वस्तीतली मुस्लिम बहीण-भावंडेही बेपत्ता होतात, तरी लोकांच्या मनातला हिशेब काही बदलत नाही.

हे वाचून घरात सगळ्यांना एकदम भुसावळ आठवले. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुले सांगलीकडे मदरशात शिकायला चालली होती. मुलांची तस्करी होत असल्याची खबर मिळाल्यावरून रेल्वे पोलिसांनी त्यांना भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवले. सोबतच्या पाच मदरसा शिक्षकांवर मानवी तस्करीचे, कलम ३७० चे गुन्हे दाखल झाले. मुले बारा दिवस बालगृहात राहिली आणि शिक्षक जवळजवळ चार आठवडे कोठडीत. मार्च २०२४ मध्ये पोलिसांनीच प्रकरण बंद केले: तस्करी नव्हती, गैरसमज होता. उतरवल्याची बातमी घरोघर पोहोचली होती. बंद झाल्याची किती घरांत पोहोचली?

कादंबरीतले पोलीस गरिबाच्या मुलासाठी जागचे हलत नाहीत. भुसावळला ते तत्परतेने हलले. तत्परता वाईट म्हणता येणार नाही. उद्या खरोखरच एखादी टोळी मुले घेऊन त्याच गाडीत बसली, तर त्यांना कोणीतरी उतरवायलाच हवे. भुसावळ मोठे जंक्शन, जळगावहून सुरतेचा फाटा फुटतो, धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात. इतक्या वाटा जिथून जातात तिथून चांगली माणसे जातात तशी वाईटही. आपल्यावर खोटा आळ आला म्हणून तस्करीच खोटी, असे म्हणणारे आम्हाला भेटले. ते आम्हाला पटत नाही. आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला शिक्षणासाठी दोन दिवसांच्या प्रवासाला का पाठवावे लागते, हा प्रश्न अररियाच्या गरिबीला विचारायला हवा तसा आपल्यालाही.

कादंबरीचा शेवट गोड नाही. आमच्यातल्या एकीने शेवटची पाने वाचायलाच नकार दिला. मग उमेद कशावर ठेवायची? बोलणे आपोआप हजरत यूसुफ (अ.) यांच्याकडे वळले. विहिरीत टाकलेला, काफिल्याने उचललेला, थोड्या दिरहमांना विकलेला मुलगा. आजच्या कायद्यात बसवले तर सरळ मानवी तस्करीच. हजरत याकूब (अ.) रडून रडून दृष्टी गमावतात, पण मुलांना सांगतात काय? जा, त्याचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका. आधी शोध आणि मग उमेद, एकाच दमात. जय, परी आणि फैज हेच तर करतात, त्यांच्या कुवतीप्रमाणे.

शोधाला आता कायद्याचाही आधार आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, मूल बेपत्ता असल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा. ‘चोवीस तास वाट पाहा, येईल घरी’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. एफआयआरची प्रत मागावी, ती मोफत मिळते. १०९८ ही चाइल्डलाइन रात्रंदिवस चालते, रेल्वेत १३९ आहे. हे दोन आकडे आमच्या घरी फ्रिजवर चिकटवलेले आहेत.

रमजान ईदनंतर मदरशांचे नवे वर्ष सुरू होते आणि मुलांचे जथे पुन्हा गाड्यांत बसतात. घेऊन जाणाऱ्यांनी प्रत्येक मुलाचे आधार कार्ड, आई-बापांच्या सहीचे संमतिपत्र त्यांच्या फोन नंबरासह, आणि मदरशाच्या लेटरहेडवर मुलांची यादी जवळ ठेवावी; एक प्रत गावच्या सरपंचाकडेही असावी. यात अपमान मानायचे कारण नाही. आणि भुसावळच्या फलाटावर अशी मुले दिसली तर लांबून बघत उभे न राहता जवळ जावे, पाणी द्यावे, कुठली आहेत ते विचारावे. एकटे, भेदरलेले मूल दिसले तर १०९८ फिरवावा, ते कोणाचेही असो.