नवतपा काढेल तोच नेचा

वर्ध्याच्या बागेत नेचे टिकत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुधा निवडीचा असतो. बागकामाची पुस्तकं थंड देशांच्या अनुभवावर बेतलेली. त्यांच्या लेखी कणखर नेचा म्हणजे बर्फ सोसणारा, आणि अर्धसदाहरित म्हणजे हिवाळ्यात थोडी पानं गाळणारा. आपल्याकडे जानेवारीत नेच्याचं काही बिघडत नाही. खरी परीक्षा मे महिन्यात, नवतपाच्या नऊ दिवसांत पारा ४५ अंशांपुढे गेला की. सावली आहे म्हणून नर्सरीतला झुपकेदार नेफ्रोलेपिस लावला, तरी कोरडी झळ सावलीतही शिरते आणि पानं कडेनं करपत जातात.

पाऊस संपल्यावरही इथे जगणारे नेचे आहेत, फक्त ते नर्सरीत नसतात. जुन्या विहिरींच्या चुन्यात बांधलेल्या भिंतींत टेरिस व्हिटाटा उगवतो. त्याला चुना मानवतो आणि ओल मिळाली तर तो उन्हाळ्यातही हिरवा राहतो. पण सावलीच्या कोपऱ्यासाठी हंसराज अधिक देखणा: काळीभोर तकतकीत काडी, तिच्यावर अर्धचंद्रासारखी पातळ पानं. काडीचं टोक लांबून मातीला टेकलं की तिथेच नवं रोप धरतं.

उन्हाळ्यात हंसराज वाळतो, मग लावायचा कशाला, असं कुणी विचारेल. तो मरत नाही; जमिनीतलं खोड जिवंत राहतं आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतं. चार महिने रिकामी दिसणारी कुंडी ज्यांना खपत नाही, त्यांनी टेरिस लावावा. पाणी वाढवलं तर पानं टिकतील, हा तर्क मात्र घातक आहे. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि झोपी गेलेलं खोड कुजतं. म्हणून विटांचे तुकडे, मुरूम आणि कुजलेला पालापाचोळा यांचा वाफा करावा, घराच्या उत्तरेकडे. उन्हाळ्यात नुसता ओलावा पुरे. विहिरीतली रोपं उपटू नयेत, तशी गरजही नाही. टेरिसच्या पिकल्या पानाच्या कडेला खालून तपकिरी रेघ दिसते. ते पान कागदात घडी करून ठेवलं की एकदोन दिवसांत भुकटी पडते. तेच बीजाणू. ओल्या विटेवर पेरा, वर काच झाका आणि घाई करू नका. हिरवा पापुद्रा धरून रोप दिसायला काही महिने लागतात.