ओढ्याकाठी सापडतो तो नुसता किडा

कोसोवोच्या पश्चिमेला, अल्बानिया आणि माँटेनेग्रोच्या सीमांना लागून, ब्येश्कत ए नेमुना हे डोंगराळ राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या कॅडिसफ्लाय या कीटकाची एक नवी प्रजाती २०२१ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली आणि नावामुळे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली: पोटॅमोफायलॅक्स कोरोनाव्हायरस. हे बारसं केलं प्रिस्टिना विद्यापीठाच्या हलील इब्राहिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. बातम्यांत ‘शोध लागला’ असं म्हटलं होतं खरं, पण हे किडे पकडले गेले तेव्हा महामारीचा पत्ताही नव्हता. मग शोध नेमका कधी लागला? यात कोसोवोचं काही वेगळेपण नाही. फ्रेंच अभ्यासकांनी २०१२ मध्ये सगळ्या प्रकारच्या सजीवांचा हिशेब मांडला, तेव्हा नमुना हाती येणं आणि त्याला नाव मिळणं यांत सरासरी २१ वर्षं जातात असं दिसलं. याला संग्रहालयांचा आळस म्हणून मोकळं होता येईल; थोडा आळस असेलही. पण खरं कारण कामाच्या स्वरूपातच आहे. ओढ्याकाठी सापडतो तो नुसता किडा. तो नवा आहे हे टेबलावर, आधीच्या शेकडो नावांशी ताडून सिद्ध करावं लागतं. आणि त्यातून लिहिलेल्या वर्णनाची खरी किंमत दुसऱ्या कुणाला ते तपासून खोडता येतं की नाही यावर ठरते.

कॅडिसफ्लायच्या बाबतीत हे ताडणं विशेष अवघड. जगात त्यांच्या सोळा हजारांहून अधिक प्रजातींची नोंद आहे आणि बहुतेकींचं वरचं रूप सारखंच: मळकट तपकिरी, केसाळ, पाठीवर तंबूसारखे मिटलेले पंख. हे फुलपाखरं आणि पतंगांचे जवळचे नातलग. फक्त यांच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात आणि अळ्या पाण्यात राहतात. तोंडातून रेशीम काढून वाळूचे कण, पानांचे तुकडे चिकटवत त्या स्वतःभोवती नळीसारखं घर बांधतात. काही जातींच्या अळ्या घराऐवजी प्रवाहात जाळं विणतात. प्रौढ कीटक रात्री दिव्याकडे येतात, म्हणून ओढ्याशेजारी दिवा लावून ते गोळा करतात आणि अल्कोहोलमध्ये ठेवतात. त्यानंतरचं काम मुख्यतः नराच्या पोटाच्या टोकाशी चालतं. प्रजातीप्रजातींत ठळक आणि प्रजातीच्या आत बऱ्यापैकी स्थिर असा फरक जननेंद्रियांतच सापडतो. पोट अलगद कापून दाहक पोटॅशच्या द्रावात किंवा तापवलेल्या लॅक्टिक आम्लात ठेवतात. आतले स्नायू विरघळतात आणि उरतं ते पारदर्शक, कडक कवच. ते ग्लिसरीनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकाने एकेक कोनात फिरवायचं: बाजूने, वरून, खालून, मागून. नवव्या खंडाची कडा कुठे वळते, मादीला धरून ठेवणाऱ्या खालच्या उपांगांचं टोक दुभंगलेलं आहे का, आतल्या दांड्यांवर किती काटे आहेत आणि ते कुठे रोखलेले आहेत, हे सगळं शाईच्या रेषांत उतरवायचं. फोटोत पुढचं-मागचं एकमेकांत मिसळतं. रेषा काढणाऱ्याला मात्र प्रत्येक कडेबद्दल निर्णय घ्यावाच लागतो, आणि चुकला तर ती चूक नाव-गावासह छापली जाते.

मला हे चित्र पुराव्याचा गाभा वाटतं, आणि त्याचं कारण आपल्या देशाच्या उदाहरणातून चांगलं कळतं. भारतीय कॅडिसफ्लायचं मोठं काम फर्नांड श्मिड या स्विस कीटकशास्त्रज्ञाचं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढची काही वर्षं त्यांनी भारतात, विशेषतः हिमालयात आणि ईशान्येत, प्रचंड संग्रह केला. त्यावरचे त्यांचे लेख पुढे कित्येक वर्षं येत राहिले. तो संग्रह ओटावाच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहात आहे. त्याआधी ब्रिटिशांनी वर्णन केलेल्या प्रजातींचे नमुने लंडनला. नियमाप्रमाणे नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं, तो होलोटाइप असा समुद्रापलीकडे. पतियाळात किंवा पुण्यात बसून हातातला किडा नवा आहे की श्मिड यांनी आधीच नोंदवलेला, हे ठरवायचं तर पहिला आधार त्यांच्या चित्रांचाच. ऑस्ट्रियाच्या हान्स मालिकी यांनी २०१० मध्ये आग्नेय आशियाच्या कॅडिसफ्लायचा जाडजूड ॲटलास काढला, त्यातही मजकूर थोडा आणि चित्रं पानोपानी.

यावर आजचा पहिला आक्षेप उघड आहे. डीएनए वाचता येत असताना हे काटे मोजत कशाला बसायचं? आक्षेप हलका नाही. एका ठरावीक जनुकाच्या साडेसहाशेच्या आसपास अक्षरांवरून प्रजाती ओळखण्याची पद्धत २००३ पासून रूढ आहे आणि कोसोवोच्या लेखातही तिचा आधार घेतलेला आहे. काहींनी तर पुढचं पाऊल टाकलं: २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या ब्रॅकोनिड कुळातल्या परजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या प्रजाती मुख्यतः या अक्षरांवर आणि एकेका फोटोवर जाहीर झाल्या. वर्गीकरणशास्त्रज्ञांनी त्यावर गदारोळ केला, आणि तो निव्वळ पोटदुखीतून नव्हता. हे जनुक फक्त आईकडून येतं. दोन प्रजातींचा कधीकाळी संकर झाला असेल तर एकीची अक्षरं दुसरीत आढळतात आणि हिशेब चुकतो. त्याहून मोठी अडचण अशी, की १७५८ पासूनची, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात मानतात तेव्हापासूनची, जुनी नावं शरीररचनेला बांधलेली आहेत. ज्या जुन्या नमुन्याची अक्षरं कुणी वाचलेलीच नाहीत, त्याच्याशी नवी अक्षरं ताडणार कशी? जुन्या नमुन्यातून डीएनए निघू शकतो, पण तो तुटक असतो, आणि एकमेव होलोटाइपला हात लावू द्यायला संग्रहालयं सहज तयार होत नाहीत. उलट बाजूही मान्य केली पाहिजे. काट्यांच्या बारीक फरकावर नव्या प्रजाती पाडणारेही आहेत, आणि एकाच ओढ्यातले दहा-वीस नर शेजारी ठेवून न पाहता केलेली अशी फोड टिकत नाही. म्हणजे चित्रही एकट्याने पुरत नाही. पण चित्रातली चूक निदान डोळ्यांना दिसते.

‘कोरोनाव्हायरस’ या नावाबद्दलची कुरकुर त्या मानाने किरकोळ. चमकदार नाव ही प्रसिद्धीची युक्ती आहे, असं म्हणता येईल. आहेच. लुम्बार्धी इ देचानित नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाने तिथल्या जीवसृष्टीवर काय ओढवलं, हे सांगायला इब्राहिमींनी ती वापरली. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याच्या नियमावलीला नावाच्या गांभीर्याशी देणंघेणं नसतं. तिला होलोटाइप हवा, प्रसिद्धीची रीत पाळलेली हवी आणि तेच नाव आधी कुणी वापरलेलं नको.

खरा बोचरा आक्षेप वेगळाच आहे: हे सगळं शास्त्र नरांवर उभं आहे. कित्येक प्रजातींची मादी कोणती हे ठाऊक नाही आणि अळीचं तर नावच नको. इथे मी डीएनएच्या बाजूने आहे. अळी आणि नर यांची अक्षरं जुळली की नातं ठरतं. एरवी अळी वाढवून तिचा प्रौढ होईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि थंड, वाहत्या पाण्याच्या अळ्या प्रयोगशाळेत सहसा तग धरत नाहीत. मात्र हे नातं जोडायला दुसऱ्या टोकाला नीट वर्णन केलेला नर लागतोच. सह्याद्रीतल्या ओढ्याचं पाणी तपासणारा माणूस दगडाखालून अळ्याच काढतो, दिव्यावरचे नर नव्हे. पुष्कळदा त्याला कुळाच्या किंवा वंशाच्या नावावर थांबावं लागतं. मग प्रदूषण सोसणारी आणि न सोसणारी अशा दोन भावंड-प्रजाती त्याच्या तक्त्यात एकाच रकान्यात, एकाच गुणांकाने मोजल्या जातात.