कामाची उकल: व्यवसायोपचाराचे पहिले धडे

व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी, ही आजारामुळे, अपघातामुळे किंवा जन्मजात अडचणीमुळे अडलेली रोजची कामे माणसाला पुन्हा करता यावीत यासाठीची उपचारपद्धती आहे. पोटापाण्याच्या धंद्यासोबत दात घासणे, बटणे लावणे, शाळेत लिहिणे आणि लहान मुलांचे खेळणेही त्यात धरले जाते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये एखाद्या कामगाराच्या बोटांच्या कंडरा तुटल्या, तर शल्यचिकित्सक त्या जोडतो. तोच हात पुन्हा घास उचलील, दुचाकीचा ब्रेक दाबील आणि जमल्यास मिलच्या कामाला लागेल, हे पाहणे व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे येते.

भारतात हे शिक्षण मुंबईत सुरू झाले. जन्माने अमेरिकी असलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फियात हे शास्त्र शिकून त्यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात देशातले पहिले विद्यालय उघडले. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. आज मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांच्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही पदवी घेता येते. परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात. चार वर्षे अभ्यास आणि सहा महिने आंतरवासिता, अशी रचना चालत आली आहे. जालन्याच्या मुलामुलींना त्यासाठी घर सोडावे लागते.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि मानसशास्त्र हे विषय पायाचे. शरीररचनेत हाताचा अभ्यास फार बारकाईने होतो, आणि तो तसाच व्हायला हवा. मनगटापुढच्या हालचाली आणि संवेदना मुख्यतः तीन चेतातंतूंवर अवलंबून असतात. मध्य चेतातंतू दुखावला, तर अंगठा बोटांसमोर आणता येत नाही आणि अंगठ्यासह पहिल्या दोन बोटांची टोके बधिर होतात. अंतःप्रकोष्ठ चेतातंतू गेला, तर करंगळी आणि अनामिका नखीसारख्या वाकतात. कुष्ठरोगात हे वारंवार दिसते. बहिःप्रकोष्ठ चेतातंतूला इजा झाली, तर मनगट खाली लोंबते. मग गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा तुकडा हातावर बसवून स्प्लिंट तयार करतात आणि मनगट उचललेले राहते. असा स्प्लिंट स्वतः कापणे, घडवणे आणि तो कुठे टोचत नाही ना हे तपासणे विद्यार्थ्याला शिकावे लागते.

या सगळ्याला अर्थ येतो तो कामाची उकल शिकल्यावर. कोणतेही काम घ्यायचे, त्याच्या पायऱ्या पाडायच्या आणि प्रत्येक पायरीला शरीर, बुद्धी आणि मन यांच्याकडून काय लागते ते लिहायचे. जालना जिल्ह्यात यासाठी कपाशीच्या सीड प्लॉटसारखे दुसरे उदाहरण नाही. संकरित बियाण्यासाठी दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी दुपारनंतर हेरायची, अंगठ्याचे नख तिच्या बुडाशी रुतवून पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी गोल सोलून काढायची, आतल्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग तिच्यावर घासायचे. यात योग्य कळी ओळखणारी नजर लागते, बोटांच्या टोकांची चिमूट आणि तिथली संवेदना लागते, दाब नेमका लागतो. कमरेत वाकून तासन् तास उभे राहावे लागते आणि आदल्या दिवशीची कळी लक्षात ठेवावी लागते. मध्य चेतातंतू दुखावलेल्या बाईला हे काम का जमत नाही, ते पुस्तकातल्या आकृतीपेक्षा इथे लवकर कळते. उपचाराची चढणही इथूनच ठरते: आधी मोठे मणी उचलणे, मग शेंगा सोलणे, मग खऱ्या कळ्या.

काम जसेच्या तसे परत येणार नसेल, तर कामाची रीत बदलतात. पक्षाघाताने एक हात गेलेल्या बाईच्या परातीखाली ओले फडके घातले, तर पीठ मळताना परात सरकत नाही. चुलीपुढे बसता येत नसेल, तर शेगडी ओट्यावर येते.

मोजमापाची साधनेही शिकवली जातात. गोनिओमीटर सांध्याची हालचाल अंशांत मोजतो. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बार्थेल निर्देशांकात जेवण, अंघोळ, कपडे, जिना अशा दहा बाबींना मिळून ० ते १०० गुण देतात. पण त्यात मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे आणि जमिनीवरून उठणे या बाबी नाहीत. मराठवाड्यातल्या खेड्यात दिवसाचा बराच भाग जमिनीलगत जातो, म्हणून विद्यार्थ्याने ही नोंद वेगळी करायलाच हवी.

मनाच्या आजारांचा भाग अनेकांना अनपेक्षित वाटतो, तरी या शास्त्राची मुळे तिथेच आहेत. दीर्घ मनोविकारात दिवसाची घडी विस्कटते. उठणे, अंघोळ, थोडे काम, चार माणसांत बसणे असा क्रम पुन्हा बसवणे हाच तिथला उपचार असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी खेळ हेच साधन ठरते.

जागतिक महासंघाच्या निकषानुसार शिक्षणकाळात किमान १००० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. अस्थिरोग, मेंदूविकार, बालरोग, मानसोपचार अशा विभागांत फिरून तो मिळतो. पदवीनंतर राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठीचा कायदा २००२ चा आहे. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अशा ठिकाणी व्यवसायोपचाराचा विभाग भक्कम असणे जिल्ह्याच्या फार गरजेचे आहे.

रुग्णाच्या घरी जाऊन पाहणी करणे हाही शिक्षणाचा भाग आहे. उंबऱ्याची उंची, न्हाणीचा निसरडा दगड, शौचालयापर्यंतची वाट, खाटेची उंची यांची मापे तिथे घेतात. घरी करायचे व्यायाम ठरवताना सोबत कोण असेल, हेही विचारतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली सगळी धडधाकट माणसे शेतात असतात. तेव्हा रुग्णाला एकट्याने करता येतील असेच व्यायाम दिवसासाठी दिले जातात आणि मदत लागणारे संध्याकाळी ठेवले जातात.