ऐंशी वर्षे पिपात

स्कॉटलंडमधल्या एल्गिनच्या ‘गॉर्डन अँड मॅकफेल’ची सुरुवात १८९५ साली किराणा दुकान म्हणून झाली. इतरांच्या भट्टीतली ताजी व्हिस्की आपल्या पिपांत भरायची, मुरवायची आणि स्वतःच्या नावाने विकायची, हा तिचा व्यवसाय.

३ फेब्रुवारी १९४० रोजी, ऐन महायुद्धात, ग्लेनलिवेट या भट्टीची व्हिस्की शेरीच्या ओक पिपात गेली. बाटलीत आली थेट २०२० मध्ये!

एवढे मुरवणे धोक्याचेच. दरवर्षी सुमारे दोन टक्के द्रव उडून जातो. अल्कोहोल ४० टक्क्यांखाली घसरले, तर कायद्याने ती स्कॉच उरत नाही. इथे ते ४४.९ टक्के टिकले. हे यश नशिबाचे नव्हे, पीप निवडणाऱ्या जाणत्या नजरेचे. बाटल्या भरल्या जेमतेम २५०.

२०२४पासून मात्र या कंपनीने इतरांची व्हिस्की पिपांत भरणे थांबवले आहे.