घरच्या सर्व्हरचं कोटेशन वाचताना

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या काकांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. कॉम्प्युटरच्या दुकानातून आणलेलं कोटेशन होतं. काका बँकेतून निवृत्त झालेत. घरातले फोटो, वडिलांच्या पत्रांचं स्कॅनिंग आणि काकूंच्या भजनी मंडळाची वीस वर्षांची रेकॉर्डिंग्ज असा सगळा ऐवज चार वेगवेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर विखुरलेला. एकूण तीन टीबीच्या आतच. तो एका जागी यावा, घरातल्या कुणालाही फोनवरून उघडता यावा आणि नातवंडांपर्यंत टिकावा, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणजे घरचा स्टोरेज सर्व्हर. त्यालाच ‘नॅस’ म्हणतात.

कागदावर वरून खाली लिहिलं होतं: १२ कोअरचा प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, वेगवान एसएसडी, ८५० वॅटचा एसएमपीएस, काचेची बाजू असलेलं कॅबिनेट. सगळ्यात शेवटी ‘हार्डडिस्क ४ टीबी, २ नग’. मॉडेल नंबर नाही, यूपीएस नाही, दुसऱ्या प्रतीची सोय नाही.

“एवढं घेतलं की निर्धास्त ना रे?” काकांनी विचारलं.

निर्धास्त नक्कीच नाही. पैसा सगळा वेगावर लावला होता आणि ज्या डिस्कवर आयुष्यभराचा ऐवज राहणार, तिला सगळ्यात कमी जागा मिळाली होती. असं कोटेशन मी पहिल्यांदा पाहत नव्हतो. त्यामागचे समज इतके पक्के असतात, की एकेक ओळ घेऊनच बोललेलं बरं.

“सर्व्हर म्हणजे दणकट प्रोसेसर हवाच”

फाइल ठेवणं आणि मागितली की देणं हे प्रोसेसरसाठी हलकं काम आहे. वेग अडतो तो वायरमध्ये. बहुतेक घरांतल्या राउटरचे पोर्ट एक गिगाबिटचे असतात, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला १२५ एमबी आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास. आजची साधी फिरती हार्डडिस्क सलग लिहिताना-वाचताना सेकंदाला दीडशे ते अडीचशे एमबी सहज देते. एक डिस्कच वायरला पुरून उरत असेल, तर तिथे महागडी एसएसडी लावून काकूंचं भजन लवकर सुरू होणार नाही. वेग हवाच असेल तर आधी अडीच गिगाबिटचा स्विच घ्यावा.

इंटेलचा एन१०० हा २०२३ मध्ये आलेला छोटा प्रोसेसर आहे. त्याला चार कोअर आहेत आणि कंपनीने दिलेला वीजवापराचा आकडा ६ वॅटचा आहे. घरच्या सर्व्हरला तो पुरतो. व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलून टीव्हीवर पाठवायचा असेल, तर ते काम त्याच्या अंगातलं ग्राफिक्सच करतं. ऑफिसातून निघालेला सहाव्या-सातव्या पिढीचा आय-५ वाला डेस्कटॉप मिळाला तरी चालेल. मोठा प्रोसेसर लागतो तो एकाच यंत्रावर पाच-सहा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्याला.

“८५० वॅट म्हणजे भक्कम”, आणि त्याच्या उलट “८५० वॅट म्हणजे बिल मोठं”

हे दोन्ही समज चूक आहेत. एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, यंत्राला लागते तेवढीच वीज खेचतो. पाटीवरचा आकडा ही फक्त त्याची कमाल मर्यादा. पण घरचा सर्व्हर बहुतेक वेळ ३०-४० वॅटवर बसून असतो आणि इतक्या कमी भारावर मोठ्या एसएमपीएसची कार्यक्षमता घसरते. ‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची सोनेरी पट्टी मिळते ती २०, ५० आणि १०० टक्के भारावरच्या चाचणीतून. ८५० च्या २० टक्के म्हणजे १७० वॅट. काकांचं यंत्र तिथवर कधी पोहोचणारच नाही.

मग किती घ्यावा? डिस्क सुरू होतानाचा झटका मोजा. साडेतीन इंची डिस्क गती घेताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर, म्हणजे २४-२५ वॅट घेते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर काही सेकंद शंभर वॅट. त्यानंतर प्रत्येकी पाच ते आठ. त्यामुळे चांगल्या कंपनीचा ३०० ते ४०० वॅटचा एसएमपीएस पुरतो. इथे पैसे वाचवायचे ते वॅटमध्ये, कंपनीत नाहीत.

बिलाचं गणित सोपं आहे. वर्षभर अखंड चालणारा प्रत्येक वॅट ८.७६ युनिट खातो. जुना गेमिंग पीसी घरात आहे म्हणून तोच सर्व्हर केला आणि तो रिकामा बसून ७० वॅट घेत असेल, तर वर्षाला ६१३ युनिट झाले. तीस वॅटच्या यंत्राला २६३ लागतात. युनिटचा दर १० रुपये धरला, तर ‘फुकट’च्या जुन्या यंत्रावर दरवर्षी साडेतीन हजार जास्त जातात.

“जितके टीबी तितके जीबी रॅम, आणि तीही ईसीसीच”

झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांत हा नियम मंत्रासारखा फिरतो. झेडएफएस मोकळी रॅम कॅशसाठी वापरते, म्हणून आकडा मोठा दिसतो. पण मागितली की ती सोडूनही देते. रॅम खरी भरपूर लागते ती एकसारखे ब्लॉक शोधून एकच प्रत ठेवण्याची सोय, म्हणजे डीडुप्लिकेशन, चालू केल्यावर. घरी ते चालू करू नये. काकांच्या कामाला ८ जीबी चालेल, १६ असेल तर ऐसपैस.

ईसीसी रॅम स्मृतीत एखादा बिट उलटला तर ती चूक ओळखते आणि दुरुस्त करते. ती चांगलीच आहे. पण ‘ईसीसी नसेल तर झेडएफएस सगळा डेटा खाऊन टाकते’ हे खरं नाही. खराब रॅमचा धोका प्रत्येक फाइल सिस्टिमला सारखाच असतो. शिवाय ईसीसीसाठी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम तिघांचीही साथ लागते. एकाने जरी नाही म्हटलं तर पैसे वाया. डीडीआर-५ रॅमवर ‘ऑन-डाय ईसीसी’ लिहिलेलं असतं. त्यामुळे चिपच्या आतल्या चुका सुधारतात, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ते संरक्षण देत नाही. बजेटमध्ये बसत असेल तर ईसीसी जरूर घ्या. फक्त त्यासाठी बॅकअपची डिस्क रद्द करू नका.

“डिस्क काय, सगळ्या सारख्याच”

कोटेशनमधली सगळ्यात महाग पडू शकणारी ओळ डिस्कचीच.

हार्डडिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये शेजारशेजारच्या पट्ट्या वेगळ्या असतात. एसएमआरमध्ये त्या कौलारू छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. तेवढ्याच जागेत जास्त मावतं, म्हणून डिस्क स्वस्त पडते. पण छपराच्या मधलं एक कौल बदलायचं तर वरची चार उचलावी लागतात. इथेही तसंच: मधला थोडा भाग बदलायचा तर शेजारच्या अनेक पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा भरून कपाटात ठेवायच्या डिस्कला याची अडचण नाही. मात्र रेडमध्ये (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत) एक डिस्क गेली, नवी लावली आणि तिच्यावर सगळं पुन्हा लिहायला घेतलं, की एसएमआर डिस्क दमते. तासांचं काम दिवसांवर जातं, आणि कधी कधी सॉफ्टवेअर तिला निकामी समजून बाहेरच काढतं.

वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (लाल) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, हे २०२० मध्ये उघड झालं. ही मालिका नॅससाठीच म्हणून विकली जात होती. वरून पाहिलं तर फरक फक्त लेबलवरच्या एका अक्षराचा: ४ टीबीची जुनी डिस्क डब्ल्यूडी-४०-ईएफआरएक्स, नवी डब्ल्यूडी-४०-ईएफएएक्स. ‘आर’च्या जागी ‘ए’. तेच लाल लेबल, तेच नाव. पुढे कंपनीने मालिका वेगळ्या केल्या आणि सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ आणि ‘रेड प्रो’ या नावांखाली ठेवल्या. सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ मालिका सीएमआर आहे.

म्हणून मी काकांना घेऊन दुकानात गेलो आणि डिस्क खोक्याबाहेर काढायला लावली. चांदीच्या रंगाच्या पाठीवरचं लेबल काकांनी चष्मा कपाळावर सरकवून अक्षर-अक्षर वाचलं, मी ते कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. दुकानदार वैतागला नाही. उलट म्हणाला, “हे विचारणारं कुणी येत नाही साहेब.”

नॅससाठीच्या डिस्कचा आणखी एक गुण कामाचा आहे. वाचताना अडलं तर ती साधारण सात सेकंदांत हार मानून रेडला तसं सांगते, आणि रेड दुसऱ्या डिस्कवरून माहिती आणतं. डेस्कटॉपची डिस्क त्याच जागी मिनिटभरही झटत राहू शकते, तेवढ्यात रेड तिला मेली समजतं.

जास्त डिस्क जोडायला स्वस्तातलं पोर्ट मल्टिप्लायर कार्ड किंवा यूएसबीचा डबा घेऊ नका. मदरबोर्डवरच चार साटा पोर्ट असलेले बरे. आठ लागलेच, तर डिस्क आहे तशी दाखवणारं एचबीए कार्ड घ्यावं.

“रेड आहे, मग बॅकअप कशाला?”

रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कलीतून १९८८ च्या निबंधात मांडली. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्क एकत्र वापरायच्या आणि त्यातली एक गेली तरी काम अडू द्यायचं नाही, असा तिचा रोख होता. काम अडू न देणं आणि माहिती परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नातवाने चुकून फोल्डर पुसलं, तर आरशासारख्या जोडलेल्या दोन्ही डिस्कवरून ते त्याच क्षणी पुसलं जातं. खंडणीखोर व्हायरसने फाइलींना कुलूप लावलं, तर दोन्हीकडे लागतं. स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींच्या त्या-त्या वेळच्या स्थितीची नोंद, ठेवले तर पुसलेलं परत मिळतं, पण चोरी आणि पाण्यापुढे त्यांचाही इलाज नाही. आम्ही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं. त्यानंतर ‘एक प्रत घराबाहेर हवी’ हे इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

“इन्व्हर्टर आहे, यूपीएस कशाला?”

लाइट गेली की इन्व्हर्टरचा खट्ट आवाज येतो. त्या खटक्यात काही क्षण घराला वीज नसते. कॉम्प्युटरचा एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरेल अशा बेताने बनवलेला असतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला बहुधा याहून जास्त वेळ लागतो. पंख्याला तो कळतही नाही, सर्व्हर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यामुळे इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चा खटका असेल तर तो लावा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर आधुनिक एसएमपीएसचं त्याच्याशी पटत नाही. साइन वेव्हचा हवा.

तरीही छोटा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्याच. ६०० व्हीएचा पुरे, पण त्याला यूएसबी पोर्ट आहे ना, ते पाहा. त्या वायरीतून तो बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. स्वस्त यूपीएसमध्ये हा पोर्ट अनेकदा नसतो. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या.

“आपल्याकडच्या उन्हाळ्यात डिस्क टिकत नाहीत”

गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधल्या तापमानात उष्णता आणि डिस्क बिघडणं यांचा समजला जातो तसा थेट संबंध त्यात दिसला नाही. डिस्कवरून हवा खेळवणारा एक हळू फिरणारा पंखा आणि भिंतीपासून वीतभर अंतर एवढं बहुतेक घरांना पुरतं. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो: बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी ‘स्मार्ट’ (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते ती सोय) मधल्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकातही आधी इशारा दिलेला नव्हता. डिस्क सांगून जाईल, या भरवशावर राहता येत नाही.

काकांचं कोटेशन आम्ही नव्याने लिहिलं. एन१०० चा बोर्ड, १६ जीबी रॅम, साधं हवेशीर कॅबिनेट, ४ टीबीच्या दोन सीएमआर डिस्क, यूएसबी पोर्टवाला यूपीएस आणि बॅकअपसाठी दोन एक्स्टर्नल डिस्क. एवढं घेऊनही आधीच्या रकमेतून पैसे उरले. त्या दोनपैकी एक डिस्क काकांच्या कपाटात असते, दुसरी पुण्याला लेकीकडे. लेक गणपतीला आणि दिवाळीला येते तेव्हा डिस्कची अदलाबदल होते. अदलाबदल करताना काका पुण्याहून आलेल्या डिस्कवरचं काकूंचं एक भजन लावून पूर्ण ऐकतात.

तुमच्याही घरात अशी एखादी डिस्क कपाटात असेल. आज ती जोडा आणि तिच्यातली सगळ्यात जुनी फाइल उघडते का, ते बघा.